देवाला फटीत बसवू नकोस

देवगड

चि. बाबूस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

कुणकेश्वरच्या जत्रेच्या आदल्या दिवशी वाचनालयात तू जे भाषण करणार आहेस, त्याचा मसुदा पोचला. ‘विज्ञान संपतं तिथं देव सुरू होतो’ हे नाव वाचूनच मी चष्मा लावून नीट बसलो. मांडणीची हातोटी तुझ्याकडे आहे. पुण्याच्या गणेशोत्सवात तुझं बोलणं लोकांनी उचलून धरलं, हे ताईनं किती कौतुकानं सांगितलं. पण तू मत मागितलं आहेस, तेव्हा ते आडपडदा न ठेवता देतो. हे भाषण या रूपात करू नकोस.

मी देव मानतो. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं आणि रोज सकाळी पूजा करूनच शाळेत गेलो. म्हणून हे मला जास्त लागतं. तुझ्या भाषणानं विज्ञानावर अन्याय होतोच, पण देवावर होतो तो मोठा आहे.

पहिल्याच पानावर तू लिहितोस की काही गोष्टी विज्ञानाला कधीच कळणार नाहीत आणि जे कळणार नाही ते देवाचं क्षेत्र. अशी रेघ फार मोठ्या माणसांनीही ओढून पाहिली आहे. ऑग्युस्त कॉम्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ विज्ञानाचा कट्टर पाठीराखा. 1835 साली त्यानं लिहिलं, की ताऱ्यांची अंतरं आणि गती आपण मोजू, पण ते कशाचे बनले आहेत हे माणसाला कोणत्याही मार्गानं कळणं शक्य नाही. तर्क बिनतोड वाटावा असाच होता. तिथं जाता येत नाही, तुकडा आणून प्रयोगशाळेत तापवता येत नाही. 1857 साली कॉम्त वारला आणि दोनच वर्षांनी हायडेलबर्गला किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं, की प्रत्येक मूलद्रव्य वर्णपटात आपल्या ठरावीक रेषा उमटवतं आणि त्याच रेषा सूर्याच्या प्रकाशात ओळखता येतात. उत्तर रोज आपल्या अंगणात पडत होतं. 1868 च्या ऑगस्टमधल्या खग्रास ग्रहणात जान्सेननं गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकयरनं इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तो पाहिला आणि त्यातली एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे टिपलं. ते हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्झेच्या हाती लागलं 1895 साली, म्हणजे सूर्यात सापडल्यावर सत्तावीस वर्षांनी.

इथं आपल्या विजयदुर्गाबद्दल बोलायला हवं. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवून लोक सांगतात की लॉकयरनं हेलियम इथं शोधलं. तूही ते मसुद्यात घातलं आहेस. लॉकयर विजयदुर्गाला आला होता हे खरं, पण तो 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. ती पिवळी रेषा त्यानं टिपली तेव्हा तो इंग्लंडात होता. एवढा मोठा शास्त्रज्ञ एवढ्या लांबून आपल्या किनाऱ्यावर ग्रहण बघायला आला, यात किल्ल्याचा मान आहेच. तो वाढवायला पदरचं काही घालू नये. गावाच्या प्रेमापोटीसुद्धा चुकीचं सांगू नये असं मी वर्गात सांगत आलो. देवाच्या प्रेमापोटी तर मुळीच सांगू नये.

आता न्यूटन. तो आपल्या दोघांपेक्षा कितीतरी भाविक. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यानं त्यांच्या कक्षांत बारीक बिघाड साचत जातो आणि तो फार वाढला की सगळी घडी पुन्हा बसवावी लागेल, असं त्यानं आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात सुचवलं. घडी बसवणारा अर्थातच देव. लायब्निझनं 1715 मध्ये टोकलं, की वारंवार दुरुस्तीला यावं लागणारा हा कसला कारागीर? पण गुरूची गती वाढते आहे आणि शनीची मंदावते आहे हे जुन्या निरीक्षणांवरून खरोखरच दिसत होतं. 1785 च्या सुमारास लाप्लासनं त्याचं गणित सोडवलं. गुरूच्या पाच फेऱ्या आणि शनीच्या दोन फेऱ्या जवळजवळ सारख्याच वेळात होतात, त्यामुळे ही वाढ आणि घट सुमारे 900 वर्षांच्या चक्रात फिरून जागेवर येते. देवासाठी राखून ठेवलेली जागा एका हिशोबानं भरली. देव कुठं गेला नव्हता. त्याला जिथं बसवलं होतं, ती जागाच त्याची नव्हती.

‘विश्वाचा 95 टक्के भाग विज्ञानाला ठाऊक नाही’ हे वाक्य तुझ्या मसुद्यात पुन्हा पुन्हा येतं. टाळ्यांसाठी ते उत्तम आहे. पण हा आकडा कुणी काढला ते सभेला सांगशील का? 1970 मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या कडेकडचा वायू अपेक्षेपेक्षा फार वेगानं फिरतो हे मोजलं. 1998 मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून कळलं की विश्वाचं प्रसरण वेग घेतं आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रारणाचे नकाशे निघाले आणि बेरीज जुळली. साधं द्रव्य सुमारे 5 टक्के, कृष्णद्रव्य 27, कृष्णऊर्जा 68. म्हणजे हे अज्ञान मोजून काढलेलं आहे, आणि मोजणाऱ्यांनीच ते जगाला सांगितलं आहे. आपल्याला काय कळत नाही हे टक्केवारीत सांगणारी दुसरी विद्या मी तरी पाहिली नाही. ज्यांनी इतक्या प्रामाणिकपणे आपली उणीव मांडली, तीच त्यांच्या अंगावर फेकणं शोभत नाही रे.

तुझ्या भाषणाचा कणा मात्र महास्फोट आहे. सुरुवात झाली, म्हणजे कुणीतरी केली. हाच युक्तिवाद एका पोपनं केला होता, आणि त्यांना आवरलं ते महास्फोटाची कल्पना मांडणाऱ्या पाद्र्यानंच. ही हकिगत तुला ठाऊक नसावी, नाहीतर तू हे पान असं लिहिलं नसतंस.

जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढला, 1923 मध्ये कॅथलिक धर्मगुरू झाला आणि लूवेनच्या विद्यापीठात शिकवू लागला. हबलचा निबंध 1929 चा. त्याच्या दोन वर्षं आधीच लमेत्रनं आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व मांडलं होतं. 1931 मध्ये ‘नेचर’मधल्या एका छोट्या टिपणात त्यानं विश्वाचा उगम एका आदिअणूत असावा असं सुचवलं. पाद्रीबुवा बायबलातली निर्मिती मागच्या दारानं आत आणताहेत की काय, असा संशय काहींना येणं स्वाभाविक होतं. लमेत्रनं मात्र धर्मग्रंथ आणि समीकरण यांची सरमिसळ होऊ दिली नाही. मग नोव्हेंबर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात जाहीर केलं, की आधुनिक विज्ञान सृष्टीच्या निर्मितीची साक्ष देऊ लागलं आहे. आपल्या सिद्धांतावर साक्षात पोपनी धर्माचा शिक्का मारला, यापरतं सुख एखाद्या धर्मगुरूला कुठलं? लमेत्र अस्वस्थ झाला. त्याची भूमिका अशी, की हा सिद्धांत देवाच्या प्रश्नाच्या पूर्णपणे बाहेर उभा आहे आणि आस्तिक व नास्तिक या दोघांनाही सारखाच खुला आहे. ती त्यानं व्हॅटिकनमध्ये पोचवली. पुढच्या वर्षी रोमला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले, त्यांच्यापुढं बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

लमेत्रला कशाची काळजी वाटली असेल, याचा विचार कर. 1951 साली महास्फोटाचा निकाल लागलेला नव्हता. केंब्रिजच्या हॉईल, बाँडी, गोल्ड या तिघांनी 1948 मध्ये स्थिर-स्थितीचं विश्व मांडलं होतं. त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. पुढं आपले जयंत नारळीकर हॉईलच्या जोडीनं त्याच बाजूला उभे राहिले आणि महास्फोटाला पर्याय शोधत राहिले. 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल तू ताईला किती आदरानं बोलला होतास. 1965 मध्ये विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या त्या प्रारणाचा पेंझियास आणि विल्सन यांना लागलेला शोध जाहीर झाला आणि पारडं महास्फोटाकडे झुकलं. 1966 मध्ये लमेत्र वारला त्याआधी ती बातमी त्याच्या कानावर पोचली होती. पण पारडं उलट झुकलं असतं तर? हॉईल-नारळीकर बरोबर ठरले असते, तर तू कुणकेश्वराला हात जोडायचं सोडणार होतास का? नाही ना? मग त्यांचं म्हणणं टिकलं नाही म्हणून देवाच्या नावानं विजयाची घोषणा कशाला? आणि आपल्या पुराणांत तर कल्पामागून कल्प येतात. एकदाच झालेल्या सुरुवातीवर देव टांगून ठेवायची आपल्याला मुळात गरजच नाही.

बाकीचं भराभर सांगतो. ‘देवकण’ काढून टाक. हिग्ज कणाचं ते नाव लेडरमनच्या 1993 च्या पुस्तकामुळे पसरलं, हिग्ज यांना स्वतःला ते रुचत नसे, आणि 2012 मध्ये सापडलेल्या त्या कणाचा देवाशी इतर कणांहून जवळचा संबंध नाही. सर्न प्रयोगशाळेच्या आवारातला नटराज भारत सरकारनं 2004 मध्ये दिलेली सुंदर भेट आहे. तिला पुरावा करू नकोस. गोडेलचा परिच्छेदही गाळ. अंकगणित सामावून घेणाऱ्या आणि ज्याचे नियम पायरीपायरीनं तपासता येतात अशा कोणत्याही सुसंगत चौकटीत, त्या नियमांनी सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधानं उरतात, असं त्याचं 1931 चं प्रमेय सांगतं. ते गणिताविषयी आहे. गोडेल आस्तिक होता, देवाच्या अस्तित्वाचा एक तार्किक पुरावाही त्यानं लिहून ठेवला होता. त्यात त्यानं या प्रमेयाचा आधार घेतलेला नाही. त्याला मोह झाला नाही, तिथं आपल्याला का व्हावा?

त्या जागी सलाम आणि वाइनबर्ग यांना आण. अब्दुस सलाम श्रद्धावान मुसलमान, बोलण्यात कुराणाचा हवाला देणारे. स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल एकाच सूत्रात बांधणाऱ्या सिद्धांताशी दोघं स्वतंत्रपणे पोचले आणि 1979 चं नोबेल त्यांना ग्लॅशोबरोबर मिळालं. एकानं त्यात अल्लाची योजना पाहिली, दुसऱ्याला कुठलीच योजना दिसली नाही. समीकरण दोघांचं तेच.

सर आर्थर एडिंग्टन यांनी 1939 मध्ये एक दाखला दिला होता, तो तुझ्या श्रोत्यांना लगेच कळेल. एक माणूस दोन इंच आसाचं जाळं टाकून समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करतो आणि म्हणतो, दोन इंचांहून लहान जीव समुद्रात नाही. बंदरावर वाढलेल्या पोराला यातली खोट सांगावी लागत नाही. विज्ञानाचं जाळं मोजता येईल आणि पुन्हा तपासता येईल असंच काही धरतं. पण हा दाखला तू अर्धाच वापरशील म्हणून पुढचं सांगतो. जाळ्यातून काय निसटलं, हे जाळं बघून कळत नाही. जवळा असेल, शेवाळ असेल, नुसतं पाणी असेल. आस मोठे आहेत म्हणून देव आहे असं ठरत नाही, आणि जाळ्यात आला नाही म्हणून तो नाही असंही ठरत नाही. त्या दिवशी कुणी उठून म्हणालं की विज्ञानानं देव नसल्याचं सिद्ध केलं आहे, तर त्यालाही हेच सांग. त्यानंही आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकलेलं असेल.

मात्र यातून श्रद्धेला एक पळवाट मिळते, ती घेऊ नकोस. जो दावा जगात काहीतरी घडतं असं म्हणतो, तो जाळ्याच्या टप्प्यात येतो. 2008 साली नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना म्हटलं, चाळीस-चाळीस देतो, कुठली कुणाची ते ओळखा. 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून निम्मी जुळली असती. तिथं ‘विज्ञानाला मर्यादा असतात’ असं म्हणून निसटता येत नाही. दावा केला, परीक्षा झाली, निकाल लागला. तुझ्या शेवटच्या पानावरचा ग्रहदशेचा उल्लेख म्हणूनच मी तांबड्या शाईनं खोडला आहे.

मग देवाला जागा कुठं, असं तू विचारशील. मी तुझ्या आजीबद्दल सांगतो.

तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, तुला आठवत असतील. त्याच साथीत तिचा धाकटा भाऊ गेला. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावले होते, शीतळादेवीला नवस बोलले होते आणि औषध कुणी दिलं नाही, कारण औषधानं देवीचा कोप वाढतो अशी समजूत. लस तेव्हा नवीन होती असं नाही. जेन्नरचा प्रयोग 1796 चा, आणि हिंदुस्थानातली पहिली लस 14 जून 1802 ला मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली. आपल्या घरापर्यंत ती पोचायला किती पिढ्या गेल्या बघ. रोगाचं कारण माहीत नव्हतं त्या फटीत देवीला बसवलं आणि त्या फटीनं माझा मामा गिळला.

आजीनं काय केलं? आम्हा भावंडांना देवी काढायची वेळ आली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून ती आम्हाला घेऊन गेली. ताईच्या दंडावरचा वण आजही दिसतो. आणि श्रावणातल्या शीतळा सप्तमीला चूल न पेटवण्याचा नेम तिनं मरेपर्यंत सोडला नाही. 1975 मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला, 1980 मध्ये सारं जग देवीमुक्त जाहीर झालं. मी नव्यानं शिक्षक झालेला, तिला म्हटलं, आता कशाला हा नेम? ती म्हणाली, ‘पोरां जगली मां माजी? मगे हात नको जोडूक?’

तिची देवी आता कशाचंच कारण सांगत नव्हती. रोग कुणामुळे होतो, याचं उत्तर तिनं टोचायला आलेल्या माणसाकडून घेतलं होतं आणि ते पूर्ण मानलं होतं. उरलं ते उपकार मानणं. ते कुठल्याही शोधानं कमी झालं नसतं, कारण कुठल्याही अज्ञानावर ते उभं नव्हतं. तुझी श्रद्धा मला अशी हवी आहे.

विज्ञानाची खरी मर्यादा सांगायचीच असेल, तर याच रोगाची सांग. देवीचा विषाणू आज जगात अधिकृतपणे दोनच ठिकाणी गोठवून ठेवलेला आहे, अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. त्याची जनुकीय मांडणी अक्षरन् अक्षर वाचून झालेली आहे. तो नष्ट करावा की जपून ठेवावा, यावर जागतिक आरोग्य संघटनेत कित्येक दशकं वाद चालला आहे. माहितीत आणखी भर पडली तरी हा प्रश्न तिच्या जोरावर सुटणारा नाही. आपण उद्याच्या पिढीचं काय देणं लागतो, किती धोका दुसऱ्याच्या माथी मारायचा आपल्याला हक्क आहे, हे प्रयोगशाळेत ठरत नाही. ही फट नव्हे. इथं ज्ञान पुरं असूनही माणसाला स्वतःला उभं राहावं लागतं. या जागेवर आस्तिकांची मालकी आहे असं मात्र म्हणू नकोस. नास्तिक दाभोलकरांनी इथं उभं राहून प्राण गमावले. तू तिथं देवाला साक्षी ठेवून उभा राहतोस, एवढंच सांग.

तर भाषण नव्यानं लिही. कॉम्त, लमेत्र आणि देवीची साथ एवढ्यावर तास सहज भरेल. वेद हवेतच तर नासदीय सूक्त घे, पण त्यात महास्फोट शोधू नकोस. सृष्टी कुठून आली हे वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल की नसेल, अशी शंका घेऊन ते सूक्त थांबतं. त्या ऋषींना उत्तर न देता थांबायची लाज वाटली नाही, हे पोरांना सांग. नावही बदल. वाचनालयाच्या चिटणीसांना मी तसं कळवून ठेवतो.

शेवटी प्रश्नांना अर्धा तास ठेव. नववी-दहावीची पोरं पुढं बसतील आणि एखादी सरळ विचारेल, देव आहे का? तू मानतोस हे सांग, का मानतोस ते सांग, आणि हे तुला पदार्थविज्ञानानं शिकवलेलं नाही हेही त्याच वेळी सांग. दुसऱ्या कुणी म्हटलं की मी मानत नाही, तर त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घे, हसण्यावारी नेऊ नकोस.

मसुदा आठवड्याभरात पाठव, म्हणजे बघून परत धाडायला मला वेळ मिळेल. ताईला आणि भावोजींना नमस्कार. जत्रेला ताईला सोबत घेऊन ये.

तुझा
मामा